भिक्षू मागत नसतो

'सिक्खं पच्चक्खामि, गिहीति मं धारेथ.' मी शिक्षेचा, म्हणजे भिक्षूच्या आचारनियमांचा, त्याग करतो, मला यापुढे गृहस्थ समजावे, एवढाच या पाली वाक्याचा अर्थ आहे. जानेवारी २०२३ मध्ये, दुरुतु पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, श्रीलंकेतील एका अरण्यविहारात वृद्ध आचार्यांसमोर उकिडवे बसून मी ते तीनदा म्हटले आणि आठ वर्षांचे भिक्षुजीवन तिथेच संपले. २०१५ मध्ये उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षा, घेताना संघाने मला एकामागून एक प्रश्न विचारले होते: तू मनुष्य आहेस ना, ऋणमुक्त आहेस ना, राजाच्या नोकरीत नाहीस ना, आईवडिलांची अनुमती आहे ना, वीस वर्षे पूर्ण झाली आहेत ना, पात्र आणि चीवरे आहेत ना. सोडताना मात्र कोणीही काही विचारले नाही. ज्याला सोडायचे आहे त्याने समजण्याजोग्या शब्दांत तसे सांगावे आणि जावे, इतकी ही वाट विनयाने, म्हणजे भिक्षूंच्या नियमसंहितेने, मोकळी ठेवलेली आहे.

शेजारच्या खोलीत जाऊन मी एका दायकाने, म्हणजे विहाराला दान देणाऱ्या गृहस्थाने, आणून ठेवलेला पांढरा सदरा आणि पँट घातली. पँटच्या खिशात हात गेला तेव्हा खिसा या वस्तूचेच मला क्षणभर आश्चर्य वाटले, कारण चीवराला खिसा नसतो आणि खिशात ठेवावे असे भिक्षूजवळ काही नसते. बाहेर येऊन मी पंचशील घेतले आणि आदल्या दिवसापर्यंत मला वंदन करणाऱ्या सतरा वर्षांच्या श्रामणेराला, म्हणजे उपसंपदा न झालेल्या नवशिक्याला, गुडघे टेकून वंदन केले. तो इतका अवघडला की त्याने पाय मागे घेतले. आचार्यांनी उपदेश असा काहीच केला नाही. 'आज संध्याकाळी जेवून घे, प्रवास लांबचा आहे,' एवढेच ते म्हणाले. मध्यान्हानंतर अन्न न घेण्याचा नियम मला आता लागू नाही, हे त्यांच्या त्या वाक्यातून प्रथम माझ्या ध्यानात आले.

मी मूळचा डिचोली तालुक्यातला. घरात बोलायचे कोकणीत आणि वाचायचे-लिहायचे मराठीत, या आमच्याकडच्या जुन्या रीतीत वाढलो, आणि खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या वजनकाट्यावर कारकून म्हणून लागलो. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या भागातील शेकडो घरांप्रमाणे आमच्याही घरचा पगार थांबला. रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसाला कोणी कुठे ने म्हटले तरी तो जातो. तसा एका मित्राबरोबर मी इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो, तिथून पुढच्या वर्षी बोधगयेला आणि २०१४ मध्ये श्रीलंकेला. वैराग्याची मोठी कथा त्यात नाही. खाणी चालू राहिल्या असत्या तर मी आजही वजनाच्या पावत्या फाडत बसलो असतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

चीवर का उतरवले, याचेही एकच कारण सांगता येत नाही. २०२१ च्या मे महिन्यात वडील गेले आणि साथीमुळे मला येता आले नाही, हे एक. पण ज्या गोष्टीने मला आतून हलवले ती २०२२ ची श्रीलंकेतील आर्थिक आपत्ती होती. रॉकेलसाठी, गॅससाठी, पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागत होत्या आणि त्या रांगेत रात्र काढलेली माणसे सकाळी अकराच्या आत आमच्या पात्रात भात वाढायला येत होती. भाताबरोबरच्या भाज्या चारांवरून दोनांवर आल्या, मग एकावर, पण आम्हाला उपाशी ठेवण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही. त्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली होती का, हे विचारण्याचीही मला सोय नव्हती, कारण भिक्षूने दात्याला अवघडेल असे काही विचारू नये. मी खाली मान घालून जेवत असे. दात्यांच्या श्रद्धेविषयी मला कधी शंका आली नाही. शंका आली ती घेणारा म्हणून स्वतःच्या पात्रतेविषयी.

'भिक्षू' हा शब्द आपण भीक मागणारा अशा अर्थाने घेतो, परंतु श्रीलंकेतल्यासारख्या थेरवादी बौद्ध परंपरेतील भिक्षूला मागण्याची जवळजवळ बंदीच असते. पिंडपाताला तो दारासमोर गप्प उभा राहतो, कोणी दिले तर घेतो, न दिल्यास पुढच्या दारी जातो. आजारी नसताना स्वतःसाठी चांगलेचुंगले अन्न मागून खाल्ले तर तो दोष ठरतो. एखाद्या गृहस्थाने 'काही लागल्यास मला सांगा' असे आपणहून निमंत्रण दिले असेल, ज्याला पवारणा म्हणतात, तरच त्याच्याकडे मागता येते. औषधपाण्यासाठी दिलेल्या अशा निमंत्रणालाही मुदत घातलेली नसेल तर ते चार महिने टिकते. पैशाला हात लावायचा नाही. जमीन खणायची नाही, झाडाचे पानही तोडायचे नाही. आणि पाणी व दातवण यांखेरीज तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट कोणीतरी हातात किंवा पात्रात दिलेली असली पाहिजे. समोर मांडून ठेवलेले ताट म्हणजे दिलेले अन्न नव्हे. पातिमोक्खात, म्हणजे भिक्षूंच्या नियमावलीत, एकूण २२७ नियम आहेत. त्यांतले बहुतेक मी सहज मागे टाकले, पण न मागण्याची ही सवय माझ्या हाडांत शिरली होती आणि चीवराबरोबर ती उतरली नाही.

कोलंबोहून चेन्नईपर्यंतचे विमानाचे तिकीट एका दायक कुटुंबाने काढून दिले आणि निघताना खर्चासाठी थोडे पैसे एका पाकिटात घालून माझ्या खिशात ठेवले. चेन्नईहून सरळ वास्कोची गाडी पकडून घरी जाता आले असते. मी गेलो नाही. डोक्यावर केस नाहीत, अंगावर चीवर नाही, अशा मधल्याच अवस्थेत आईपुढे उभे राहण्याचा मला धीर झाला नाही. गाड्या बदलत मी गयेला पोहोचलो. हाच प्रवास मी पूर्वी चीवरात केला होता. तेव्हा डब्यात खिडकीची जागा आपोआप रिकामी होत असे, कोणीतरी पाण्याची बाटली हातात देत असे, कोणी पायांना हात लावत असे. या वेळी मी एक पूर्ण रात्र शौचालयाजवळ पिशवीवर बसून काढली. तक्रारीपोटी हे लिहीत नाही. पूर्वी लोक ज्याला जागा देत होते तो मी नव्हतोच, ते चीवर होते, हे वाचून माहीत असणे वेगळे आणि हिवाळ्यातल्या रात्री गार पत्र्याला पाठ लावून कळणे वेगळे.

बोधगयेत महाबोधी मंदिराजवळच्या रस्त्यावर पुरीभाजीचा एक गाडा होता. अकराची वेळ होती, भूक लागली होती, खिशात पैसे होते. मी गाड्यापासून दोन हातांवर, नजर खाली ठेवून, दोन्ही हात पोटापाशी धरून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. गाडेवाल्याने दोनदा विचारले, 'क्या चाहिए?' मला उत्तर देता आले नाही. पुरी हवी, हे वाक्य डोक्यात तयार होते, पण 'हवी' हा शब्द ओठांवर येईना. तिसऱ्या वेळी त्याने कढईवरचा झारा हलवूनच मला बाजूला व्हायची खूण केली, कारण मागे गिऱ्हाईके थांबली होती.

तिथून चाळीस-पन्नास पावलांवर विदर्भातून बसने आलेला एक जथा सतरंज्या टाकून जेवायला बसला होता. मराठी कानांवर पडली तसे माझे पाय थांबले. एका म्हाताऱ्या बाईंकडे पाहून मी म्हणालो, 'मावशी, पाणी मिळेल का?' आठ वर्षांत कोणा अनोळखी माणसाकडे मी मागितलेली ती पहिली वस्तू. त्यांनी पाणी दिलेच, वर बसवून भाकरी आणि झुणकाही दिला. समोर ठेवलेल्या भाकरीला मी हात लावीना तेव्हा त्यांनी ती उचलून माझ्या तळहातावर ठेवली, आणि आपण नेमके काय केले हे त्यांना कळण्याचे कारण नव्हते. जेवताना मी कोण, कुठला, हे सांगावे लागले. चीवर सोडल्याचे ऐकून सारे क्षणभर गप्प झाले. मग त्याच मावशी म्हणाल्या, 'मंग काय झालं बापा? बाबासाहेबानं आमाले बावीस प्रतिज्ञा देल्ल्या, चीवर थोडीच देल्लं?' १९५६ च्या दीक्षेच्या वेळी त्या आईच्या कडेवर होत्या, असे त्यांनी पुढे सांगितले.

सारनाथ आणि कुशीनगर करून मी मुंबईला आलो. तिथे सेंट झेवियर्स महाविद्यालयातील हेरास संस्थेत गोव्यातील एक बुद्धमूर्ती आहे; बार्देशातील कोलवाळजवळच्या मुशीर गावी फादर हेन्री हेरास यांना ती १९३० साली सापडली होती. ती पाहण्यासाठी परवानगी मागावी लागली आणि दारावरच्या माणसासमोर ते दोन वाक्यांचे बोलणे मी आधी मनात घोकून घेतले. मूर्तीपुढे फार वेळ थांबलो नाही. आपल्या गावापासून इतक्या जवळ हे सारे होते आणि आपण ते शोधायला समुद्रापार गेलो, असा विचार आला, पण तो मला फारसा खरा वाटला नाही. घराजवळचे दिसायला कधीकधी दूर जावेच लागते. आमच्या डिचोलीला लागून लामगावला जांभ्या दगडात कोरलेल्या गुंफा आहेत. मुलगा असताना तिथल्या शिवलिंगासमोर आम्ही लपाछपी खेळत असू. त्या मुळात बौद्ध भिक्षूंच्या असाव्यात असे अभ्यासक मानतात, हे मला श्रीलंकेत गेल्यावर समजले.

कोकणकन्येने सकाळी थिवीला उतरलो आणि दादा मोटारसायकल घेऊन आला. त्याने मला पाहिले, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, 'केस वाढतले रे.' घरी आईने रडणे-बोलणे उरकून लगेच पेज वाढली, शेजारी खाऱ्या आंब्याची फोड ठेवली आणि ती आत गेली. परत आली तेव्हा पेज तशीच होती. 'जेवत का नाहीस?' तिने विचारले. मी वाट पाहत होतो, कशाची ते मलाही उमगले नव्हते. तिने वाटी उचलून माझ्या हातात दिली तसा मी जेवू लागलो. पुढचे दोन-तीन महिने ती प्रत्येक जेवणाला हेच करत असे. ताट वाढायचे, ते उचलायचे, माझ्या हातांत द्यायचे आणि म्हणायचे, 'घे रे बाबू.' तिला मी विनयाचा नियम कधी समजावून सांगितला नाही आणि तिनेही विचारले नाही. वहिनीला मात्र हे लाड वाटत आणि तिचे वाटणे चूक होते असेही म्हणता येत नाही.

श्रावणात पातोळ्या करायच्या होत्या. आईने परसातून हळदीची पाने आणायला सांगितली. मी विळा न घेताच गेलो, पान देठाशी धरले आणि हात थांबला. हळदीचे पान ओढले की देठ आधी जरा ताणला जातो, मग खालच्या अंगाला हिरव्या पाण्याचा थेंब येतो आणि वास सुटतो. हे सगळे मला लहानपणापासून ठाऊक होते, पण आठ वर्षे मी गवताची काडीदेखील मोडली नव्हती. विहारात वाटेत फांदी आली तर आम्ही वाकून जात असू. मी तिथेच उभा राहिलो. शेवटी पुतणी धावत आली, तिने खसाखस दहा-बारा पाने तोडली आणि माझ्याकडे न पाहता निघून गेली. त्या संध्याकाळी मी पातोळ्या खाल्ल्या, संध्याकाळीच, आणि त्या फार छान झाल्या होत्या.

कागदपत्रांची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती ज्याची त्याला ठाऊक असते. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की बँकेचे खाते निष्क्रिय धरतात, तसे माझे झाले होते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक केव्हाच दुसऱ्या कोणाला गेला होता, त्यामुळे ओटीपी त्याच्याकडे जात असे. पन्नास रुपये भरून तो क्रमांक बदलला, मग हजार रुपये भरून पॅन आधारशी जोडले, तेही ३० जून २०२३ ची मुदत संपायला थोडे दिवस असताना. वाहन परवान्याची मुदत उलटून वर्षाहून अधिक काळ गेला असल्याने पुन्हा चाचणी द्यावी लागली. बँकेच्या अर्जात 'व्यवसाय' असा रकाना होता. तो रिकामा पाहून खिडकीमागच्या बाईंनी विचारले, 'इतकी वर्षे काय करत होता?' मी सांगितले. त्यांनी जुना फोटो पाहिला, माझे बोटभर केस पाहिले आणि शांतपणे 'इतर' वर खूण केली. शाखेने मला चार खेपा घालायला लावल्या हे खरे, पण त्या बाईंनी निवडलेला शब्द मला आजही अचूक वाटतो.

नोकरी एका बांधकाम साहित्याच्या दुकानात हिशेब लिहिण्याची मिळाली. मालकांनी विचारले, 'किती देऊ?' मी म्हणालो, 'तुम्हाला योग्य वाटेल ते.' हे वाक्य मी नम्रतेने म्हटले, असे मला तेव्हा वाटले होते. त्यांना योग्य वाटले ते नऊ हजार. माझ्याआधी त्याच खुर्चीवर बसणाऱ्या मुलाला तेरा मिळत होते, हे मला जुन्या वहीतच दिसले, कारण पगाराची नोंदही मीच लिहीत होतो. मालकांना मी दोष देत नाही. किंमत न सांगणाऱ्या माणसाला जगात कोणीही जास्तीची किंमत देत नाही. चार महिने मी रोज ती नोंद पाहत होतो. विहारात असमाधान आले की ते पाहायचे, त्याचे उठणे आणि विरणे पाहायचे, असे शिकलो होतो, आणि ते मी इमानदारीने करतही होतो, परंतु महिनाअखेर आली की दादाकडून उसने घ्यावे लागे आणि ते काही केल्या विरत नसे. ज्याला मी उपेक्षा, म्हणजे समचित्तता, समजत होतो त्यातला बराच भाग निव्वळ भीती होती. नकार ऐकावा लागू नये म्हणून न मागणे आणि लोभ नाही म्हणून न मागणे, ही बाहेरून अगदी सारखी दिसतात. चीवरात असताना मला हा भेद करावाच लागला नाही, कारण नियमच दोन्हींवर एकसारखे पांघरूण घालत होता. पाचव्या महिन्यात मी दुकान बंद करण्याच्या वेळी मालकांना म्हणालो, 'मला तेरा हजार हवेत.' माझा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला असावा, कारण बाहेर सिमेंट उतरवणारी पोरे थांबून बघू लागली. मालकांनी बाराच्या वर जायला नकार दिला. मी बारा घेतले.

याच काळात किनाऱ्याकडच्या, मांद्र्याच्या बाजूच्या, एका ध्यानकेंद्राकडून विचारणा झाली. पर्यटकांना सकाळ-संध्याकाळ ध्यान शिकवायचे, राहणे-जेवण त्यांचे, मानधन दुकानातल्या पगाराच्या तिप्पट. बोलणे ठरत आले असताना त्यांनी सुचवले की चीवर नेसून बसलात तर दर वेगळा देता येईल, परदेशी पाहुण्यांना ते आवडते. चीवर सोडलेल्या माणसाने भिक्षू म्हणून मिरवण्यासाठी पुन्हा ते अंगावर चढवणे, याला विनयात चोरीने सहवास करणे म्हणतात, आणि असे करणाऱ्याला पुढे कधीही उपसंपदा मिळत नाही. मी हे त्यांना समजावण्याच्या फंदात पडलो नाही, फक्त नको म्हटले. नको म्हणणे मला अवघड गेले नाही. त्याचा सराव होता.

लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, लग्न करणार का. त्याचे उत्तर माझ्याजवळ अजून नाही. दुसरा थेट कोणी विचारत नाही, पण डोळ्यांत दिसतो: काय केले म्हणून काढले? भिक्षुसंघातून कायमचे जाण्यास भाग पाडणारे अपराध चारच आहेत, मैथुन, चोरी, मनुष्यहत्या आणि अंगी नसलेल्या सिद्धीचा खोटा दावा, आणि मी त्यांपैकी कशाचाही धनी नाही. परंतु परत आलेल्या माणसाला ठेवायला जागा आपल्या समाजात फारशी नाही. थायलंडमध्ये तरुण काही महिन्यांसाठी भिक्षू होतात आणि परतल्यावर त्यांच्या नावाआधी 'थित' ही मानाची उपाधी लावतात. श्रीलंकेत याच्या उलट. तिथे चीवर सोडलेल्याला 'हीरळुवा' म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखाच लागतो. मराठीला असा शब्दच नाही, पण आठवण मात्र आहे: गुरूच्या आज्ञेने संन्यास सोडून आळंदीला परतलेल्या विठ्ठलपंतांना गावाने वाळीत टाकले आणि ज्ञानदेवादी भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून हिणवले, ही कथा आपण सगळेच ऐकत मोठे झालो. तीच ऐकणारे लोक मला पाहतात तेव्हा त्यांच्या मनात काय येत असेल, याची मला कल्पना आहे.

गोव्यापुरते पाहिले तर मला धर्मानंद कोसंबी जवळचे वाटतात. सांकवाळचे हे गृहस्थ १८९९ साली पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून बुद्धाचा धर्म शिकायला बाहेर पडले, श्रीलंकेत १९०२ मध्ये श्रामणेर झाले, पुढे ब्रह्मदेशातही भिक्षू म्हणून राहिले आणि मग चीवर उतरवून गृहस्थजीवनात परतले. कलकत्त्यात त्यांनी पाली शिकवले. तिथली नोकरी सोडून, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर ते महाराष्ट्रात आले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. लोक त्यांच्या विद्वत्तेविषयी बोलतात, ते योग्यच आहे. माझे लक्ष मात्र त्या ५० रुपयांवर अडते. ते ठरवताना, घरखर्च मनात मांडताना, इतके पुरतील की नाही हे पत्नीला सांगताना, एकेकाळी चीवरात राहिलेल्या त्या माणसाला काय वाटले असेल? मी सुटीच्या दिवशी एकदा बसने सांकवाळला जाऊन आलो. तिथे जुन्या चर्चची एकटी दर्शनी भिंत उभी आहे, मागे इमारत नाही. ती बघून, एक सोडा पिऊन परत आलो.

गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर, भिक्षूंनी पावसाळ्यात एकाच जागी राहण्याचा वर्षावास संपल्यानंतर, माझ्याबरोबर उपसंपदा घेतलेला एक भिक्षू बोधगयेला जाण्याआधी आमच्याकडे दोन दिवस राहिला. आईची धांदल उडाली. आमच्याकडे सूर्य माथ्यावर यायला घड्याळात सव्वाबारा होऊन जातात, श्रीलंकेपेक्षा थोडा जास्त वेळ हाताशी मिळतो, हे मी तिला सांगितले तरी तिने दहालाच भात उतरवला. भिक्षूच्या पात्रात वाढताना तिने मला विचारलेही नाही. पात्राला दोन्ही हात लावून वाढले, जसे ती मला देत आली होती. शेवटी मी पेरू पुढे केले. त्याने माझ्याकडे पाहून म्हटले, 'कप्पियं करोहि.' बिया असलेले फळ भिक्षूने खाण्याआधी गृहस्थाने ते खाण्याजोगे करून द्यायचे असते. मी सुरीचे टोक एका पेरूला लावले आणि 'कप्पियं, भन्ते' असे उत्तर दिले. हे उत्तर देण्याची माझी पहिलीच वेळ होती. त्याआधी प्रत्येक वेळी मी ते ऐकणाऱ्याच्या जागी होतो.

जेवणानंतर मी त्याला रीतसर निमंत्रण दिले, काय लागेल ते मला सांगावे असे. तो बराच वेळ गप्प बसला. मला ती शांतता माहीत होती, म्हणून मी नुसते निमंत्रण देऊन थांबलो नाही, एकेक विचारत गेलो: औषध हवे का, साबण आहे का, पुढचे तिकीट झाले आहे का. तिकिटावर तो जरासा हलला. गुडघे दुखत होते हेही मीच काढून घेतले.

दुपारी थिवी स्थानकाच्या खिडकीवर गेलो. पुढे तीन माणसे होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, 'मुंबई मार्गे गया, एकच तिकीट, आणि खालचाच बर्थ पाहिजे.' खिडकीमागच्या माणसाने खालचा शिल्लक नसल्याचे सांगितले. मागचा माणूस पुढे सरकू लागला. मी खिडकीचा कठडा सोडला नाही आणि विचारले, 'मग परवाच्या गाडीला बघता का?'